चौदा रात्री की बाल्कनी?

(आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक सभेत आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



 अलास्काच्या क्रूझवर बोला, असं कार्यवाहांनी सांगितलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, पडद्यावर चार फोटो दाखवू, थोडं बर्फाचं कौतुक करू आणि चहाला उठू. पण आल्यापासून जो भेटतो तो फोटो फारसे बघतच नाही. दांडिया बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "पैसे तेवढेच असतील तर जास्त दिवसांची क्रूझ घ्यावी की कमी दिवसांची घेऊन खोली झकास घ्यावी?"

आज त्या प्रश्नाचंच उत्तर देणार आहोत. आम्ही दोघं आळीपाळीने बोलू, पण "आम्ही" असंच म्हणू. कारण चूक दोघांची होती.

आपल्या आईवडिलांच्या वेळी बोटीचा प्रवास म्हणजे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला जाणारी बोट. इथे बसलेल्यांपैकी ज्यांचं मूळ घर रत्नागिरी, मालवणकडचं आहे त्यांनी घरी ऐकलं असेल. स्वस्तातलं तिकीट म्हणजे डेक. वळकटी सोडायची, डोक्याखाली ट्रंक घ्यायची आणि आकाशाकडे बघत झोपायचं. खोलीचं तिकीट पैसेवाल्यांचं. आताच्या क्रूझमध्ये हे बरोबर उलटं झालं आहे. आता स्वस्त तिकिटाला चार भिंती मिळतात आणि आकाशाचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

खोल्यांचे ढोबळमानाने चार प्रकार. पहिली आतली खोली. ती बोटीच्या पोटात असते, तिला खिडकी नसते. दुसरी खिडकीची. काच मोठी असते, पण उघडत नाही. तिसरी बाल्कनीची, बाहेर दोन खुर्च्या आणि कठडा. चौथी सूट, म्हणजे बैठक, मोठं न्हाणीघर आणि थोडे वेगळे लाड. बाकी जेवणघर, नाटकाचं सभागृह, वाचनालय, वरचे डेक हे सगळ्यांना सारखेच. आतल्या खोलीवाल्याला वरणभात कमी वाढत नाहीत. तसा वरणभात मिळतही नाही, पण ते असो.

आमची मुलगी आणि जावई सिअ‍ॅटलला असतात. अलास्काच्या बऱ्याच बोटी तिथूनच सुटतात. मुलीने दोन पर्याय पाठवले. पहिला सात रात्रींचा, बाल्कनीच्या खोलीत: केचिकन, जुनो, ग्लेशियर बे आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. दुसरा चौदा रात्रींचा, आतल्या खोलीत: ही सगळी ठिकाणं, शिवाय अँकरेज, कोडियाक बेट आणि सिटका. दोन्हींची रक्कम जवळजवळ सारखी.

कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मित्रमंडळींत दोन तट पडले. एक तट म्हणे, "खोलीत काय ठेवलंय? झोपायलाच तर जायचं. दिवस बघा दिवस." दुसरा म्हणे, "या वयात एकदाच जायचं, तर थाटात जा. सयाजीराव महाराज गेले होते तसे." यावर तिसऱ्या एकाने आठवण करून दिली की महाराज १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले ते थाट मिरवायला नाही, प्रकृतीसाठी गेले होते. हे वाक्य आम्ही तेव्हा हसण्यावारी नेलं. नंतर ते आम्हाला फार आठवलं.

पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहून हिशेब तर अंगात भिनलाच आहे. आम्ही वही काढली. चौदा रात्रींत दर रात्रीचा भाव बरोबर निम्मा पडत होता. मग वरचे खर्च मांडले, आणि हे तुम्हीही लिहून घ्या. बोटीवर नोकरवर्गाची बक्षिशी माणशी दर दिवसाने लावतात. ती हिशेबात धरा. दिवस दुप्पट झाले की तीही दुप्पट. प्रवासविम्याचा हप्ताही दिवसांवर वाढतो, आणि आधीपासून असलेला आजार त्यात धरला आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. बंदरावरच्या सहली तिकिटात नसतात. जितकी बंदरं जास्त तितका खिसा हलका. आणि व्हिसा. अमेरिकेच्या एका १८८६ सालच्या कायद्यामुळे परदेशी निशाणाच्या बोटीला अमेरिकेच्या बंदरातून निघून तिथेच परत यायचं असेल, तर मध्ये परक्या देशाचं बंदर घ्यावंच लागतं. म्हणून ते व्हिक्टोरिया. तिथे बोट काही तासच थांबते, पण आपल्या पासपोर्टवाल्यांना तेवढ्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा असावा लागतो.

हे सगळं धरूनही चौदा रात्रीच फायद्याच्या दिसत होत्या. आम्ही चौदा रात्री घेतल्या.

आता जे वहीत लिहिलं नव्हतं ते सांगतो.

आमच्यापैकी एकाला तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन, म्हणजे कंपवात, असल्याचं निदान झालं. सुरुवातीची पायरी आहे. हात थरथरतो, पाऊल जरा आखडतं, दुपारी दोन तास पडावं लागतं आणि गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घ्याव्या लागतात. इथे बसलेल्यांना आमच्यातलं कोण ते माहीतच आहे, छापायची गरज नाही. बोलताना आम्ही एकाला दमणारा म्हणू आणि दुसऱ्याला हिंडणारा.

बुकिंगच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. प्रवाशाला चालण्या-वावरण्यात काही अडचण आहे का? त्याचं कारण पुढे कळलं. बोटीवर काही खोल्या खास असतात. दार रुंद, न्हाणीघराला उंबरठा नाही, धरायला दांडे, अंघोळीला बसायची सोय. त्या थोड्या असतात म्हणून आधी मागाव्या लागतात, आणि त्याच प्रकारच्या साध्या खोलीपेक्षा त्यांचं भाडं जास्त नसतं. आम्ही त्या प्रश्नापुढे "नाही" लिहिलं. दमणाऱ्याने पटकन लिहिलं आणि हिंडणाऱ्याने बघूनही न बघितल्यासारखं केलं.

जूनच्या मध्यावर निघालो. बोट मोठी, माणसं चांगली, जेवण उत्तम. खोली साधारण दीडशे चौरस फुटांची, स्वच्छ, पलंग मऊ. पहिल्या दिवशी दार लावून दिवा मालवला आणि अंधार म्हणजे काय ते कळलं. आपल्याकडे दिवे गेल्यावरही फटीतून काहीतरी येतं. तिथे डोळे उघडे की मिटलेले, हे हात लावून बघावं लागेल असा अंधार.

काहींना तो वरदान वाटतो हेही सांगायला हवं. जूनमध्ये जुनोला पहाटे चारला सूर्य उगवतो आणि रात्री दहापर्यंत मावळत नाही. उजेडात झोप न येणारा माणूस आतल्या खोलीत लहान मुलासारखा झोपेल. आमच्यातला हिंडणारा झोपला. दमणारा नाही. दुपारी पडून उठलं की दिवस आहे की रात्र ते समजेना. त्यातून अलास्काचं घड्याळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे. गोळी घेतली की घ्यायची आहे, यात एकदा घोळ झाला.

तिसऱ्या रात्री दमणारा लघवीला उठला. अंधारात चाचपडत दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं, ते निघालं बाहेरच्या कॉरिडॉरचं दार. मागे दार आपोआप बंद झालं आणि चावी म्हणजे ते कार्ड आत राहिलं. अंगावर रात्रीचे कपडे, पाय आखडलेले, दोन्हीकडे एकसारखी दिसणारी शंभर दारं. दार वाजवलं, पण हिंडणारा गाढ झोपेत. शेवटी स्वच्छता करणाऱ्या एका मुलाने येऊन दार उघडून दिलं. एका शब्दाने हसला नाही. सकाळी आम्ही मात्र हा प्रसंग एकमेकांना विनोद म्हणून सांगितला. चाळीस वर्षांच्या संसारात ही कला छान जमते.

केचिकनला पाऊस होता. तिथे वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो, म्हणजे आपल्या बडोद्याच्या जवळजवळ चौपट. जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे रस्ताच जात नाही. विमानाने जा नाहीतर बोटीने. दोन्हीकडे दमणाऱ्याने अर्ध्या दिवसात परत फिरायचं म्हटलं. मग हिंडणाऱ्यापुढे रोजचा पेच. त्या अंधाऱ्या खोलीत शेजारी बसून राहायचं, की एकट्याने वर जायचं आणि तिथे मन लागू द्यायचं नाही? आम्ही हिशेब केला तेव्हा चोवीसपैकी तेरा-चौदा तास दमणारा खोलीत होता. "झोपायलाच तर जायचं" हा कमाटीबागेतला सिद्धांत पाचव्या दिवसापर्यंत बुडाला.

पाचवा दिवस ग्लेशियर बेचा. ज्यासाठी एवढे पैसे घातले तो दिवस. साधारण १७५० साली ही अख्खी खाडी बर्फाने भरलेली होती. तेव्हापासून बर्फ सुमारे पासष्ट मैल मागे हटला आहे, म्हणून बोटीला आत जाता येतं. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटी सोडतात. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर बोटीवर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर बोट तासभर उभी राहते आणि दोन्ही बाजूंना दिसावं म्हणून सावकाश वळते. एक मैल रुंदीची निळसर पांढरी भिंत. मधूनच तिचा कडा सुटून पाण्यात कोसळतो. तिथले मूळ रहिवासी ट्लिंगिट लोक त्या आवाजाला पांढरी गर्जना म्हणतात.

आम्ही सकाळी सहापासून वरच्या डेकवर जागा धरली होती. वारा बोचरा. बसायला जागा नाही, सगळे कठड्याशी उभे. हिमनदी येईपर्यंत दमणाऱ्याचे पाय थरथरायला लागले. "मी खाली जाऊन येतो, तू थांब," असं म्हणून तो गेला. हिंडणारा थांबला. मग कडा कोसळला. दोन मजली इमारत सुटावी तसा. आधी दिसला आणि मागून आवाज आला. शेजारचे अनोळखी लोक टाळ्या वाजवत होते. हिंडणाऱ्याला टाळी वाजवता आली नाही.

खाली येऊन दार उघडलं तर खोलीत अंधार, टीव्ही चालू. बोटीच्या नाकाशी एक कॅमेरा बसवलेला असतो, त्याचं चित्र एका वाहिनीवर सतत दाखवतात. दमणारा पलंगाच्या काठावर शाल पांघरून बसून टीव्हीवर हिमनदी बघत होता. बडोद्याहून एवढा प्रवास करून आल्यावर खरी हिमनदी भिंतीपलीकडे होती आणि तो ती टीव्हीवर बघत होता. "आत्ता पडला ना? मी पाहिला," एवढंच म्हणाला.

त्या दुपारी आम्ही भांडलो. मग रडलो. मग पहिल्यांदा खरं बोललो.

दमणाऱ्याला पहिल्यापासून बाल्कनीच हवी होती. माणसांत हात थरथरतो, चमचा वाजतो, लोक बघतात, म्हणून आपल्यापुरता उघड्यावर एक कोपरा हवा होता. पण तसं म्हटलं तर आपण आजारी आहोत हे कबूल केल्यासारखं होईल, आणि आपल्यामुळे दुसऱ्याचे सात दिवस बुडाले असंही होईल. म्हणून तो म्हणाला, "मला काय, कुठलीही खोली चालेल."

आणि हिंडणाऱ्याला चौदा दिवस का हवे होते? अलास्काच्या हौसेने नाही. ही शेवटचीच सहल ठरेल, पुढच्या वर्षी हे पाय असतील की नाही कुणी सांगावं, तर मग जेवढे दिवस ओंजळीत येतील तेवढे घ्यावेत म्हणून. हेही बोलायचं कसं? म्हणून तो म्हणाला, "दिवसाचा भाव निम्मा पडतो."

म्हणजे दोघांच्या मनात भीती एकच होती. एकाने तिला खोलीचं नाव दिलं आणि दुसऱ्याने दिवसांचं. वहीत फक्त डॉलर लिहिले गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोटीच्या स्वागतकक्षात जाऊन सगळं खरं सांगितलं. बाल्कनीची रिकामी खोली नव्हती. पण न्हाणीघरासाठी बसायचं स्टूल आलं. जेवणघरात कोपऱ्यातलं टेबल मिळालं. आणि तिथल्या एका बाईंनी युक्ती सांगितली. रात्री टीव्हीचा आवाज बंद करून तीच कॅमेऱ्याची वाहिनी चालू ठेवायची. खोलीला खिडकी मिळाली. पहाटे जाग आली की पडल्या पडल्या समुद्र उजळताना दिसे. न्हाणीघराचा दिवा लावून दार किलकिलं ठेवायला लागलो. मधल्या एका डेकवर काचेपाशी दोन आरामखुर्च्यांची जागा हेरली. दुपारची विश्रांती खोलीत न घेता तिथे घ्यायची असं ठरवलं. दमणारा तिथे शाल पांघरून झोपे आणि हिंडणारा शेजारी वाचत बसे. एका दुपारी देवमाशाच्या पाठी दिसल्या तेव्हा आम्ही दोघंही तिथेच होतो.

आणि आता दुसऱ्या बाजूनेही सांगायला हवं. तो दुसरा आठवडा नसता तर आम्ही हे शिकूनही काही उपयोग नव्हता. सात रात्रींच्या क्रूझमध्ये प्रत्येक बंदर पदरात पाडून घ्यावं लागतं, एक दिवस गेला की सातवा हिस्सा गेला. चौदा रात्रींत आम्ही अँकरेजला उतरलोच नाही, दिवसभर काचेपाशी बसलो, आणि वाईट वाटलं नाही. कोडियाकला फक्त तासभर मच्छीमार बंदरावर हिंडलो. सिटकाला मात्र दिवसभर होतो. एके काळी रशियाच्या ताब्यातल्या अलास्काची ती राजधानी. रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरना विकलं, त्याचा हस्तांतराचा सोहळा १८६७ साली तिथेच झाला. गावाशेजारच्या राष्ट्रीय उद्यानात उंच झाडांमधून सपाट पायवाट आहे, वाटेत कोरलेले टोटेमचे खांब उभे आहेत. ती वाट आम्ही अगदी सावकाश, हातात हात घालून चाललो. लोक पुढे जात होते, जाऊ दिले. बडोद्यात असे हात धरून आम्ही कधी चाललो नव्हतो.

तर मंडळी, जास्त दिवस की चांगली खोली? आमचा अनुभव असा.

आधी एक साधा दिवस डोळ्यांसमोर आणा आणि दोघांपैकी ज्याचे पाय आधी दमतात त्याचे तास मोजा. तो दिवसातले दहा तासांहून जास्त खोलीत असणार असेल, तर पैसे खोलीवर घाला. दोघंही रात्री अकराला दमून येणारे असाल, तर खुशाल आतली खोली घ्या आणि दिवस वाढवा.

दोनच पर्याय समोर आले म्हणून दोनांतूनच निवडू नका. आम्ही मधला पर्याय विचारलाच नव्हता, म्हणजे दहा-अकरा रात्री आणि खिडकीची खोली. मात्र खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, हे नकाशावर बघून घ्या. समुद्र लागत असेल तर खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी खोली घ्या, हलणं कमी जाणवतं. थोड्या स्वस्तात मिळणाऱ्या तिकिटावर खोली कंपनी ठरवणार असं लिहिलेलं असतं. ज्याला जागेची गरज आहे त्याने तो मोह टाळावा.

आणि सगळ्यांत शेवटी, पण खरं तर सगळ्यांत आधी. वही काढण्यापूर्वी एकमेकांना विचारा, "तुला हे का हवंय?" पहिलं उत्तर येईल ते खरं धरू नका. "मला काय, काहीही चालेल" हे उत्तर तर मुळीच धरू नका. आपल्या पिढीत ते वाक्य फार आहे, आणि त्याखाली काय काय दडलेलं असतं ते आपल्यालाच ठाऊक.

डॉक्टर म्हणतात, व्यायाम चालू ठेवा, फिरत राहा. तेव्हा दिवाळीनंतर मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर तीन रात्रींसाठी जायचं ठरवलं आहे. आईवडील वळकटी घेऊन गेले त्याच पाण्यातून. खिडकीची खोली घेतली आहे. फॉर्ममध्ये तोच प्रश्न होता, चालण्या-वावरण्यात काही अडचण आहे का? दमणाऱ्याने स्वतःच्या हाताने "हो" लिहिलं. अक्षर थोडं हललं आहे, पण वाचता येतं.

गणपती बाप्पा मोरया!